शिकण्याचा खर्च कोणी करायचा?

नोकरीच्या शोधात असलेल्या किंवा हातची नोकरी डळमळू लागलेल्या माणसाला आज रायपुरात एकच सल्ला मिळतो : नवे काही शीक, स्वतःला बदल, नाहीतर मागे पडशील. सल्ला खोटा नाही. पण तो देणारा तिथेच थांबतो. शिकायचे कधी, कोणाच्या पैशाने, आणि तोवर घर कसे चालवायचे, हे सारे ऐकणाऱ्याच्या माथी मारून तो मोकळा होतो. सल्ल्याचा हा गाळलेला भाग समजून घ्यायचा असेल तर रायपूरच्याच एका मराठी माणसाची कारकीर्द नीट पाहावी. त्यांचे नाव माधवराव सप्रे.

सप्रे १८७१ साली दमोह जिल्ह्यातल्या पथरियात जन्मले, बिलासपूर आणि रायपूरच्या शाळांत शिकले आणि बी. ए. झाले. त्या काळी पदवीधराला सरकारी नोकरी सहज मिळे. त्यांनी ती घेतली नाही. पेंड्र्याच्या जमीनदारांकडे राजकुमारांना शिकवण्याचे काम धरले, पगारातून पैसे मागे टाकले आणि जानेवारी १९०० मध्ये ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. संपादन पेंड्र्यात, छपाई रायपूरच्या कय्यूमी प्रेसमध्ये. पुढे छपाई नागपूरला देशसेवक प्रेसकडे गेली. हाताशी छापखाना नसलेल्या गावातून मासिक चालवायचे, तर सगळी भिस्त टपाल आणि रेल्वेवर. एवढे करूनही डिसेंबर १९०२ मध्ये तोट्यामुळे मासिक बंद पडले.

सप्र्यांची गोष्ट सांगताना आपण त्यांची जिद्द सांगतो. मला त्या मासिकावरची दुसरी दोन नावेही तितकीच महत्त्वाची वाटतात. सहसंपादक रामराव चिंचोलकर, आणि मालक-प्रकाशक म्हणून वामन बळीराम लाखे. लाखे रायपूरचे वकील. ज्या मासिकाला नफा होण्याची फारशी आशा नव्हती, त्याची जबाबदारी त्यांनी स्वतःच्या नावावर घेतली. याच लाख्यांनी १९१३ मध्ये रायपुरात सहकारी बँक उभी करण्यात पुढाकार घेतला. त्यांच्या नावाच्या लाखेनगरातून रोज हजारो माणसे जातात. तरुण माणसाच्या अनिश्चित कामामागे उभे राहणारा माणूस म्हणूनही त्यांची ओळख आपल्या मुलांना व्हायला हवी.

मासिक बुडाले, पण त्या तीन वर्षांत सप्रे संपादक म्हणून तयार झाले. १९०१ साली त्यांनी लिहिलेली ‘एक टोकरी भर मिट्टी’ हिंदीच्या सुरुवातीच्या कथांत आवर्जून मोजली जाते. १९०७ मध्ये ते नागपुरात ‘हिंदी केसरी’ हे साप्ताहिक चालवत होते, १९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगात होते. घरच्यांच्या दबावापुढे माफी लिहून देऊन सुटले आणि त्या सलाने वर्ध्याजवळच्या हनुमानगडावर जाऊन राहिले. एखाद्याची कारकीर्द इथे संपली असती. सप्र्यांनी तिथून उठून दासबोध हिंदीत आणला, टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले, चिंतामणराव वैद्यांचा महाभारतावरचा ग्रंथ हिंदीत आणला. रायपुरात मुलींची शाळा काढली. १९२० मध्ये जबलपूरच्या ‘कर्मवीर’ साप्ताहिकाच्या उभारणीत ते होते, संपादनासाठी माखनलाल चतुर्वेदी पुढे आले. १९२४ मध्ये देहरादूनच्या हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद त्यांना मिळाले. दोन वर्षांनी रायपुरातच त्यांचे निधन झाले.

शिक्षक, संपादक, अनुवादक, संस्थाचालक : हुद्दे बदलत गेले, गावे बदलली. मराठीत आणि इंग्रजीत जे वाचले ते इथल्या माणसाला त्याच्या भाषेत द्यायचे, हे काम मात्र एकच राहिले. समाधान तिथून आले असणार. आणि ते काम टिकले, कारण प्रत्येक टप्प्यावर कोणीतरी खर्चाचा वाटा उचलला : पेंड्र्याचा पगार, लाख्यांचा पैसा, हनुमानगडाचा आसरा.

आता हाच खर्चाचा प्रश्न घेऊन आजच्या रायपुरात या. सिलतरा आणि उरला इथल्या स्पंज आयर्नच्या कारखान्यांत लोहखनिज आणि कोळसा आडव्या, सावकाश फिरणाऱ्या लांबच लांब भट्टीत सोडतात. आतल्या भिंतीला अर्धवट वितळलेल्या मालाचा थर चिकटू लागला, कामगारांच्या भाषेत ‘ॲक्रिशन’ धरू लागले, की माल पुढे सरकेनासा होतो आणि शेवटी भट्टी थंड करून थर फोडावा लागतो. तापमानाचे आकडे आता नियंत्रण कक्षात पडद्यावर दिसतात. पण आकडा का बदलला, कोळशात राख जास्त आली की हवा कमीजास्त झाली, हे भट्टीशेजारी वर्षे काढलेल्या माणसाला कळते. त्याला पडदा वाचायला शिकवले तर कारखान्याला दोन्ही जाणणारा माणूस मिळतो. न शिकवता त्याच्या जागी नवा मुलगा आणून बसवला, तर दोघेही अर्धेच राहतात. आणि बारा तासांची पाळी करून आलेल्या माणसाने रात्री मोबाइलवर स्वतःच्या पैशाने शिकावे, ही अपेक्षा सरळसरळ अन्यायाची आहे.

१९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्याने शिकाऊ उमेदवाराला कामाच्या ठिकाणी, कामाच्या वेळेत आणि विद्यावेतनासह शिकण्याचा हक्क दिला. तो कायदा कामाला नुकत्याच लागणाऱ्यांसाठी आहे. चाळिशीत ज्याचे यंत्रच बदलले, त्याला असा हक्क नाही. नवा रायपुरात डेटा सेंटरची पायाभरणी झाली आहे, ट्रिपल आयटी आहे, जुन्या शहरात एनआयटी आहे. म्हणजे शिकवणारे इथेच आहेत. सिलतऱ्याच्या मालकांनी आठवड्यातली एक पाळी पूर्ण पगारी शिक्षणासाठी सोडावी आणि राज्य सरकारने उद्योगांना सवलत देताना ती अट घालावी. चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळासारख्या, १९३५ पासून उभ्या असलेल्या संस्थांनी आपल्या समाजातल्या निवृत्त अभियंत्यांना आणि शिक्षकांना संध्याकाळच्या वर्गांसाठी बोलवावे. पन्नाशीतल्या फिटरला समोर बसून, न लाजता प्रश्न विचारता येईल अशा जागा या शहरात फारच थोड्या आहेत.