मोहफुलांचे वजन

मार्च उजाडला की गडचिरोलीच्या जंगलातल्या अनेक प्राथमिक शाळांचा हजेरीपट एकाएकी रोडावतो. पोरे कुठे गेली हे गुरुजींना ठाऊक असते, गावालाही ठाऊक असते. पहाटे झाडाखाली मोहफुलांचा सडा पडलेला असतो आणि गुरे पोहोचण्यापूर्वी तो वेचायचा असतो. सात-आठ वर्षांची मुलगी टोपली भरते, अंगणात फुले पसरते आणि वाळल्यावर ती किती हलकी होतात हे तिच्या हातांना कळते. पुढे बाजारात व्यापारी काटा धरतो. आकडा त्याच्या तोंडून येतो आणि घरच्यांनी तो मुकाट्याने मान्य करायचा असतो.

याच मुलीला शाळेत बाष्पीभवन शिकवतात, तेव्हा ते चित्रावरून शिकवतात आणि व्याख्या पाठ करून घेतात. तिने आणलेली किलोभर ओली फुले वर्गात मोजली, चार-पाच दिवस उन्हात ठेवली, रोजचे वजन फळ्यावर मांडले तर? विज्ञान आले, वजाबाकी आली, मोठ्या मुलांना शेकडेवारी आली. आणि काट्यासमोर उभे राहून प्रश्न विचारण्याची हिंमतही आली. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. तराजू लागतो, आणि तो मुलांच्या हाती देणारा शिक्षक लागतो.

शहरी वाचकाला हे हौसेचे प्रयोग वाटतील. इकडे प्रश्न वेगळा आहे. भामरागड, एटापल्लीकडचे मूल घरी माडिया किंवा गोंडी बोलते. शाळेत पहिल्या दिवसापासून मराठी. पहिली एक-दोन वर्षे ते गप्प बसते आणि त्या गप्प बसण्याला 'मतिमंद', 'अभ्यासात कच्चे' अशी नावे मिळतात. तेच मूल मैदानावर सोडा. गोट्यांचा नेम, लगोरीची थप्पी, कबड्डीतली हूल, झाडावरची चढाई, यातले काहीच भाषेसाठी अडून राहत नाही. लांब उडी मारल्यावर दोरीला गाठ मारून ती मोजली, पाच जणांच्या उड्यांची सरासरी काढली, तर 'सरासरी' हा मराठी शब्द मुलाला अर्थासकट मिळतो. आधी वस्तू, मग शब्द. आपण घरी आपल्या लेकरांना भाषा अशीच शिकवतो. वनातल्या लेकरांना मात्र आधी शब्द देतो आणि वस्तू देतच नाही!

हा विचार या भागाला परका नाही. शेजारच्या वर्ध्यात १९३७ साली गांधीजींनी नयी तालीम मांडली, ती हाताच्या कामातून शिकण्याचीच होती. तिचे पुढे काय झाले? सरकारी शाळांच्या वेळापत्रकात 'कार्यानुभव' नावाचा एक तास उरला, आणि तोही बहुधा गणिताचे गुरुजी मागून घेतात. मध्य प्रदेशात होशंगाबादला १९७२ साली सोळा शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवायला सुरुवात झाली. मुले पाने गोळा करीत, मापे घेत, चुकत आणि पुन्हा करून पाहत. परीक्षा पुस्तक उघडे ठेवून होई. तीस वर्षे चाललेला तो कार्यक्रम २००२ मध्ये राज्य सरकारने बंद केला. हेमलकशाला लोकबिरादरीची आश्रमशाळा १९७६ पासून उभी आहे. तिथली मुले बिबटे आणि अस्वले यांच्या शेजारी वाढली, आणि त्यांतली काही डॉक्टरही झाली. अशी बेटे आपण कौतुकाने पाहतो, सहली नेतो, आणि जिल्हा परिषदेची शाळा होती तशीच राहते.

कायद्याचे पाहू. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक शाळेला मैदान आणि खेळाचे साहित्य सांगितले आहे. शारीरिक शिक्षणाचा शिक्षक मात्र फक्त सहावी ते आठवीला, तोही अर्धवेळ, आणि पट शंभरावर असेल तरच. जंगलातल्या वाडी-टोल्यांवर शंभर मुले आणायची कोठून? साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, ही तिथली रीत. म्हणजे ज्या मुलाला खेळ हीच शाळेची पहिली भाषा आहे, नेमक्या त्याच्या शाळेत खेळ शिकवणारा कधीच येणार नाही, अशी तजवीज होऊन बसली आहे. ही कोणाची दुष्टबुद्धी नव्हे. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे मोठ्या गावची शाळा होती, एवढेच.

२०१८ च्या मे महिन्यात आदिवासी विकास विभागाच्या 'मिशन शौर्य'मधून चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी एव्हरेस्टवर पोहोचले. ऊर भरून यावा अशीच ती गोष्ट. पण निवडक पोरांना शिखरावर नेणे आणि सर्व पोरांना रोज तासभर मैदानावर नेणे यांत दुसरे काम अवघड आहे, कारण त्याचा फोटो निघत नाही.

पालकांची एक शंका ऐकून घेतली पाहिजे. 'खेळायला तर घरीही खेळतात, शाळेत वाचायला पाठवतो,' असे आई-बाप म्हणतात. ते खोटे नाही. शहरातल्या मुलांना शिकवणी आणि आमच्यांना दोरीवरच्या उड्या, असा व्यवहार असेल तर त्यांनी चिडलेच पाहिजे. म्हणून खेळ संपला की मोजमाप वहीत आले पाहिजे, प्रयोग झाला की चार ओळी लिहिल्या गेल्या पाहिजेत, आधी माडियात सांगून मग मराठीत. हे न करता नुसता 'आनंददायी शिक्षणा'चा फलक लावणारे अधिकारी त्या पालकांचे काहीच भले करीत नाहीत.

सामग्रीची ददात नाही. वरोरा तालुक्यातल्या पिसदुऱ्याला डायनासोरच्या विष्ठेचे जीवाश्म सापडतात. त्यांत गवताचे अंश मिळाले, आणि डायनासोरांच्या काळी गवत नव्हते ही समजूत २००५ साली जगाला बदलावी लागली. ते दगड उचलून न्यायचे नाहीत, पण तिथे उभे राहून 'हा काय खात असेल?' एवढे तरी विचारता येते.

आणि सावली. चंद्रपूर-गडचिरोलीत मेच्या उत्तरार्धात एका दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. दक्षिणेला सिरोंच्यात हे काही दिवस आधीच घडते. दिल्लीच्या मुलांना ते कधीच दिसत नाही. जुलैत हा योग पुन्हा येतो, पण तेव्हा आभाळ झाकलेले असते. मेमध्ये शाळेला सुट्टी असते आणि मुले आई-बापांबरोबर तेंदूपाने तोडायला गेलेली असतात. सत्तर पानांचा एक पुडा, हा हिशेब त्यांना तोंडपाठ असतो. पानांचे ओझे घेऊन रानातून परतताना पायांखालची सावली नाहीशी झालेली त्यांनी पाहिलीही असेल. जूनमध्ये शाळा उघडल्यावर त्यांना ते कोणी विचारीत नाही.