घोटील त्याचे श्रीखंड

श्रीखंड हा गोव्याचा पदार्थ नव्हे, असे ठामपणे सांगणारी माणसे मला दर पाडव्याला भेटतात. त्यांचे म्हणणे असे, की आमचे गोड म्हणजे नारळाचे. रसातले मणगणे घ्या, पातोळ्यांतले चून घ्या, नाताळातले बेबिंक घ्या. दह्याचा चक्का करून त्यात साखर घोटणे हा आमचा उद्योगच नव्हे. ते घाटावरचे पक्वान्न. आणि ज्याअर्थी ते बाहेरचे, त्याअर्थी डबा विकत आणला तर बिघडले कुठे?

आमच्या कचेरीत दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत हा विषय निघाला की दोन्ही बाजू अशा काही भांडतात, की शेजारच्या खात्यातले लोक डोकावून जातात. मी एक साधा सरकारी कारकून. फाईलवर मत मांडण्याचा मला अधिकार नाही, तिथे मी फक्त टिप्पणी लिहितो. पण श्रीखंडावर मत मांडायला कोणाची परवानगी लागत नाही, म्हणून इथे मांडतो.

वरच्या म्हणण्याचा पहिला अर्धा भाग मला मान्य आहे. गोव्याच्या जुन्या स्वयंपाकात दूध जपूनच वापरले जाई. गावठी गाय देऊन देऊन दूध देणार ते किती! त्यातून मुलांचे, चहाचे आणि देवाचे भागले की संपले. माड मात्र दारात उभा. नारळाचा जाड रस आणि पातळ रस हेच आमच्या सुगरणींचे दूध. आजसुद्धा गोव्याची दुधाची गरज गोव्यातल्या गोठ्यांतून भागत नाही, कर्नाटक आणि महाराष्ट्रातून रोज दूध यावे लागते. तेव्हा श्रीखंड आमच्या मातीतून उगवलेले नाही, हे खरे.

पण मातीतून उगवले तेच आपले, असे म्हणायचे ठरवले तर गोव्याच्या ताटात उरेल काय? मिरची पोर्तुगिजांबरोबर आली. काजूचे झाड मूळचे ब्राझीलचे, तेही त्यांनीच आणले. तरीसुद्धा २००९ साली काजू फेणीला भौगोलिक मानांकन मिळाले ते गोव्याच्या नावाने, ब्राझीलच्या नव्हे. का? कारण बोंडू मळणारे पाय इथले, भाटी इथली, आणि कुठल्या क्षणी आच कमी करायची हे जाणणारे डोळे इथले. पदार्थ आपला होतो तो करण्याने. कुठून आला हा प्रश्न इतिहासाचा आहे, कोण करतो हा प्रश्न घराचा आहे. 'कसेल त्याची जमीन' ही घोषणा गोव्याला काही नवी नाही. त्याच चालीवर मी म्हणतो, घोटील त्याचे श्रीखंड.

आणि इतिहासच काढायचा तर तोही काढू. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात, ११२९ च्या सुमारास, 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. त्यातल्या भोजनाच्या भागात शिखरिणी आहे, म्हणजे पाणी काढलेल्या दह्यात साखर आणि सुगंधी द्रव्ये घालून केलेले पक्वान्न. आजच्या श्रीखंडाची ही पणजीच. आता गंमत पाहा. याच सोमेश्वराची बहीण मैलळदेवी गोव्याच्या कदंबांच्या घरात, जयकेशी दुसरा याला दिलेली. सासरी येताना तिने शिखरिणीची कृती आणली असे मी म्हणत नाही. एवढेच म्हणतो की घाट ही आपल्याला कधी भिंत नव्हती, वाट होती. त्या वाटेने राजकन्या आल्या, देव आले, नाटक कंपन्या आल्या. चक्का येऊ नये असे थोडेच आहे?

तेव्हा वाद श्रीखंड आपले की परके हा नाहीच. खरा प्रश्न असा, की आपण ते करतो का? पूर्वी पाडव्याच्या आदल्या रात्री स्वयंपाकघरातल्या खुंटीला पांढरे गाठोडे टांगलेले दिसे आणि खाली पातेल्यात टप टप पाणी गळत असे. आता ती खुंटीच राहिली नाही. पुरणयंत्र माळ्यावर गेले. परवा एका ओळखीच्या घरी कॉलेजात जाणाऱ्या मुलाने मला विचारले, "काका, चक्का म्हणजे नेमके काय? तो दुधाचा करतात की दह्याचा?" मुलगा हुशार आहे, श्रीखंड त्याला आवडते, दोन वाट्या सहज खातो. पण ते आकाशातून डब्यातच पडते अशी त्याची समजूत झाली असेल तर दोष त्याचा नाही. त्याने कधी पाहिलेच नाही.

डब्याला मी शिव्या देणार नाही. कारखान्यात श्रीखंड कसे होते, तेही समजून घेण्यासारखे आहे. बडोद्याच्या सुगम डेअरीचे नाव या बाबतीत आवर्जून घेतले जाते. तिथे दह्यातले पाणी काढायला पंच्याऐवजी यंत्र आले. साय काढलेल्या दुधाचे दही लावायचे, ते गरागरा फिरणाऱ्या यंत्रातून काढून पाणी वेगळे करायचे, आणि मग त्यात वरून मलई आणि साखर मिसळायची. काम स्वच्छ, झटपट, आणि प्रत्येक डबा दुसऱ्या डब्यासारखा. हजारो घरांना एकाच दिवशी श्रीखंड हवे असेल तर याला पर्याय नाही. बडोद्यासारख्या मराठी माणसे पिढ्यान् पिढ्या राहिलेल्या शहरातून ही सोय आली, याचे मला कौतुकच आहे.

घरचे ते सगळे पौष्टिक आणि बाजारचे ते सगळे वाईट, हेही मला पटत नाही. कारकून असल्यामुळे नियम वाचायची खोड आहे. विकायच्या श्रीखंडात घन भाग किमान ५८ टक्के हवा आणि त्या घन भागात साखर ७२.५ टक्क्यांहून जास्त नको, असा आपल्याकडे नियम आहे. म्हणजे ५८ टक्क्यांच्या श्रीखंडात १०० ग्रॅममागे साखर फार तर ४२ ग्रॅम. आता आपल्या आज्यांचे प्रमाण आठवा. भारास भार! एक किलो चक्क्याला एक किलो साखर. म्हणजे १०० ग्रॅममागे ५० ग्रॅम. चक्क्यातला घन भाग ३० टक्के धरला तर आजीच्या श्रीखंडातल्या घन भागात ७७ टक्के साखर भरते. सरकारी तपासणीत आजी नापास झाली असती! तेव्हा आरोग्याचा झेंडा घेऊन घरच्या श्रीखंडाची बाजू लढवायला मी जाणार नाही. फरक इतकाच, की डब्यातली साखर दुसऱ्याने ठरवलेली असते आणि घरातली आपण ठरवतो. आमच्याकडे एक किलो चक्क्याला ६०० ग्रॅम साखर पडते आणि कोणाची तक्रार नाही.

गोव्यात श्रीखंड करायचे तर गोव्याच्या हवेशी जुळवून घ्यावे लागते, आणि मला वाटते तिथेच ते आपले होऊ लागते. पुण्याकडच्या पुस्तकात लिहिलेले असते, 'दही रात्रभर टांगून ठेवावे.' पुण्यात मार्चची रात्र सुकी असते. आपल्याकडे पाडव्याच्या सुमारास रात्रीसुद्धा अंगाला घाम चिकटतो, अशा दमट उकाड्यात दही रात्रभर बाहेर टांगले तर सकाळी चक्का आंबट ढोण. म्हणून आपली रीत थोडी वेगळी. ६ टक्के स्निग्धांश असलेले मलईचे दूध दोन लिटर घ्यायचे. उकळून, बोट सोसेल इतके कोमट झाले की चमचाभर ताजे, गोड विरजण लावायचे. या हवेत पाच-सहा तासांत दही लागते. लागले की लगेच हलवायचे, वाट पाहायची नाही. चाळणीत ओला करून पिळलेला मलमलीचा पंचा पसरायचा, त्यात दही घालून गाठ मारायची, चाळणी पातेल्यावर ठेवायची, वर ताटली आणि थोडे वजन. पहिला तासभर बाहेर, मग सगळे फ्रीजमध्ये दहा-बारा तास. सकाळी ७०० ते ८०० ग्रॅम चक्का मिळतो. बोटाने दाबला तर खळगा राहिला पाहिजे आणि पंच्याला चिकटता कामा नये.

खाली जमलेले दह्याचे पाणी ओतून देऊ नका. त्याने चपातीची कणीक मळा किंवा कढीत घाला. साखर मात्र घरीच दळा. बाजारच्या काही पिठीसाखरेत गुठळ्या होऊ नयेत म्हणून मक्याचे पीठ घातलेले असते. साखर चक्क्यात कालवून तासभर झाकून ठेवायची. साखर विरघळली की चक्का आपोआप सैल होतो, मग घोटायला ताकद लागत नाही. पुरणयंत्र नसेल तर पिठाची बारीक चाळणी पालथी करा आणि वाटीच्या बुडाने चक्का तिच्यातून दाबून काढा. कोमट दुधात खललेले केशर, थोडी वेलची, चारोळी.

आणि जायफळ. ते मात्र डबीतले नको. आपल्या कुळागरांत पोफळी आणि मिरवेलींच्या सावलीत जायफळाची झाडे आहेत. फोंड्याकडच्या एखाद्या भाटकाराशी ओळख असेल तर घरचे जायफळ मिळते, नाहीतर बाजारात चौकशी केली तरी मिळते. ते ऐन वेळी किसून चक्क्यात घातले की जो वास येतो, तो पुण्या-मुंबईच्या श्रीखंडाला नाही, बडोद्याच्याही नाही. पुढे एप्रिल-मेमध्ये मानकुराद घरात आला की डब्यातल्या रसाचे आम्रखंड आणायची गरज उरत नाही. चक्क्यात मानकुरादाचा घट्ट रस घोटा आणि कुठल्याही घाटावरच्या पाहुण्याला वाढा. मग तोच विचारील, हे गोव्याचे का?

आता सर्वांत महत्त्वाचे. 'श्रीखंड घरचेच हवे' हे वाक्य बहुतेक घरांत आरामखुर्चीतून उच्चारले जाते, आणि उच्चारणारा बहुधा पुरुष असतो. ज्या बाईने सकाळी बस पकडून नोकरीवर जायचे, संध्याकाळी येऊन भात टाकायचा, सणाला पुऱ्या तळायच्या, तिने डबा आणला तर तिला संस्कृतीच्या नावाने बोल लावायचा हक्क कोणालाच नाही. डब्याने तिचा वेळ वाचवला, आणि घरातल्या बाकीच्यांनी तो कधी वाचवला नव्हता, ही खरी गोष्ट आहे. म्हणून माझे मत सरळ आहे. ज्याला घरचे श्रीखंड हवे, त्याने ते करावे. पंचा धुऊन वाळवण्यासकट.

आणि हे काम पुरुषांना, त्यातून कारकुनांना, फारच सोयीचे आहे. श्रीखंडाला दोन दिवस लागतात असे ऐकून माणूस घाबरतो. पण त्यातले आपल्या हाताचे काम मोजले तर तासाभराच्या आत संपते. बाकी सगळी वाट पाहणे, आणि वाट पाहण्यात आम्हा सरकारी लोकांचा हात कोण धरणार? फरक एवढाच, की लाल फितीत बांधलेली फाईल बांधल्यावर जागची हलत नाही, पंच्यात बांधलेले दही मात्र आपण झोपलो तरी रात्रभर काम करत असते. सकाळी उठून कोणाच्या सहीची वाट न पाहता ते पुढे न्यायचे, बस्स.

मुलांना मात्र गाठ मारताना जवळ बोलवा. चाळणीतून चक्का दाबण्याचे काम त्यांनाच द्या, ओटा खराब झाला तरी चालेल. दुधाचे दही, दह्याचा चक्का, चक्क्याचे श्रीखंड, ही साखळी एकदा डोळ्यांनी पाहिलेले मूल पुढे डबासुद्धा वेगळ्या नजरेने विकत घेईल. पुस्तकात वाचून ही गोष्ट कळते, पण येत नाही. दही किती दाबले म्हणजे पुरे, हे बोटालाच शिकावे लागते, आणि बोटाला शिकवणारे दुसरे बोट घरात असावे लागते. अशी बोटे आज आपल्या घरांतून आहेत. साठी-सत्तरी ओलांडलेली आहेत, पण आहेत. पुढच्या पिढीत ती असतीलच, याची खात्री मला देता येत नाही.

म्हणून पाडव्याचीच वाट पाहू नका. येत्या शनिवारी एक लिटर दुधापासून सुरुवात करा. चौघांच्या घराला रविवारी दुपारी एकेक वाटी पुरेल. श्रीखंड कोणाचे, हा वाद मग सोमवारी कचेरीत घालायला आपण मोकळे.