भुयारात डोकावायचं कसं?

दोस्तांनो, बीड शहराजवळची खजाना विहीर तुमच्यापैकी कितीजणांनी पाहिलीय? सोळाव्या शतकात, मुर्तजा निजामशहाच्या काळात, बीडचा जहागीरदार सलाबतखान यानं ती बांधली. जमिनीखालच्या नहरींतून तिच्यात पाणी येतं आणि भुयारी नहरीतूनच ते पुढे शेतांकडे जातं. ना मोट, ना पंप!

अशा भुयारी नहरींवर मधून मधून उभी तोंडं ठेवतात. त्यांना उच्छ्वास म्हणतात. त्यांतून हवा खेळते आणि माणसाला खाली डोकावताही येतं. पाणी कुठे अडलं हे शोधायला सगळं रान खणावं लागत नाही.

आता संगणकाच्या पोटात शिरू. तिथेही एक भुयार आहे. त्याचं नाव कर्नल. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा सगळ्यात आतला भाग. कुठल्या प्रोग्रॅमला किती वेळ, किती मेमरी द्यायची हे तोच ठरवतो. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या विद्यार्थ्यानं 1991 साली लिनक्स कर्नल लिहायला घेतला. आज प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये तोच असतो.

समजा, दहावीचा निकाल दाखवणारा एक प्रोग्रॅम आहे. निकालाच्या दिवशी तो रखडतो. बाहेर हजारो मुलं जीव मुठीत धरून बसलेली! प्रोग्रॅम बंद करून तपासायची सोय नाही. मग नक्की कुठे अडलंय हे कळायचं कसं?

इथे उच्छ्वास कामी येतात. त्यांना म्हणतात ट्रेस इव्हेंट. ट्रेस म्हणजे माग, आणि इव्हेंट म्हणजे घटना. लिनक्समध्ये असा माग काढणारी ‘एफट्रेस’ ही यंत्रणा 2008 साली आली. पण कर्नलनं ठेवलेल्या झरोक्यांतून कर्नलचंच काम दिसणार. निकालाच्या प्रोग्रॅमला स्वतःचे झरोके हवे असतील तर? त्यासाठी आहेत ‘युजर इव्हेंट्स’. त्यांचं काम चार पायऱ्यांत चालतं.

पहिली पायरी नोंदणीची. प्रोग्रॅम कर्नलला सांगतो, ‘माझ्या घटनेचं नाव हे, आणि तिच्यासोबत अमुक माहिती येईल.’ शिवाय तो आपल्या मेमरीतली एक जागा दाखवून ठेवतो. कर्नल त्याला एक क्रमांक देतो.

दुसरी पायरी वाट पाहण्याची. दाखवलेल्या जागी एक बिट असतो, म्हणजे 0 किंवा 1. कुणी माग काढत नसेल तर 0. प्रोग्रॅम तिथे नुसती नजर टाकतो आणि पुढे जातो. झाकण बंद, म्हणून खर्च जवळजवळ शून्य!

तिसरी पायरी नोंदीची. कुणी माग सुरू केला की कर्नल स्वतः तो बिट 1 करतो. आता प्रोग्रॅम आपला क्रमांक आणि माहिती कर्नलकडे लिहून देतो, आणि कर्नल त्यावर वेळेचा शिक्का मारतो. ‘शोध सुरू’ आणि ‘शोध संपला’ अशा दोन नोंदी शेजारी ठेवल्या, की मधे किती वेळ गेला ते लख्ख दिसतं. अंदाजपंचे काही नाही!

चौथी पायरी आवरण्याची. काम संपलं की नोंदणी रद्द करायची आणि घटना काढून टाकायची. पण दुसरं कुणी ती वापरत असेल, तर कर्नल ती काढू देत नाही.

एक सावधगिरी मात्र हवी. झरोका म्हटला की डोकावणारा आलाच. म्हणून या फायलींची किल्ली व्यवस्थापकाच्या हाती असते. आणि नोंदीत मुलांची नावं किंवा बैठक क्रमांक कशाला लिहायचे? वेळ आणि संख्या पुरते.

ही सोय येतानाची हकिगतही ऐकण्यासारखी आहे. 2022 मध्ये ती लिनक्समध्ये घेतली गेली. मग अधिक जाणकारांनी ती पाहिली आणि तिच्या मांडणीबद्दल शंका काढल्या. तेव्हा ती लगेच बंद ठेवण्यात आली. का? तर लिनक्सचा एक नियम आहे : प्रोग्रॅमना एकदा दिलेला शब्द मोडायचा नाही. चुकीचा शब्द दिला, तर तो वर्षानुवर्षं पाळत बसावा लागणार! मांडणी नव्यानं केली आणि 2023 च्या 6.4 या आवृत्तीत ती सोय पुन्हा खुली झाली. घाईपेक्षा शब्द मोठा, नाही का?

आता तुमच्यासाठी एक उद्योग. सकाळी शाळेला उशीर होतो ना? मग चार घटना ठरवा : उठलो, आंघोळ झाली, घर सोडलं, शाळेत पोचलो. आठवडाभर प्रत्येकीची वेळ वहीत लिहा. त्याआधी एका कागदावर लिहून ठेवा, की तुमच्या मते वेळ कुठे जातो. रविवारी दोन्ही ताडून पाहा. दोष एसटीचा आहे की पांघरुणाचा, ते वहीच सांगेल!