पोटगीचा हिशेब कोठून मांडावा?

गेल्या रविवारी मिस्सा आटोपल्यावर बेळगावकडील एका खेड्यातील भगिनी आम्हांस भेटल्या. यजमान दोन वर्षांपासून वेगळे राहतात. नऊ वर्षांचा मुलगा बाईंपाशी. सासरची मंडळी म्हणतात, "महिना दोन हजार पुष्कळ झाले." माहेरचे म्हणतात, "दहा हजारांखाली ऐकू नकोस." खरा आकडा कोणता, असे बाईंनी विचारले. आम्ही म्हणालो, "बाई, हे दोन्ही आकडे मोठ्या माणसांच्या रागातून निघाले आहेत. मुलाचा आकडा अद्याप कोणी मांडलेलाच नाही."

वाचकहो, बापाच्या मिळकतीचा अमुक हिस्सा मुलाचा, असे ठरीव कोष्टक आपल्या कायद्यात नाही. पूर्वी फौजदारी संहितेच्या १२५ व्या कलमात महिना ५०० रुपयांची मर्यादा होती; ती २००१ साली उठली. १ जुलै २०२४ पासून त्या कलमाच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे १४४ वे कलम आले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली, रजनीश विरुद्ध नेहा या खटल्यात, उभयतांनी आपली मिळकत, मालमत्ता व देणी शपथेवर लिहून द्यावीत असे ठरवून दिले. मुलाचे अन्न, वस्त्र, निवारा, औषधपाणी व शिक्षण हे खर्च त्यात धरावयाचे. शिक्षणाचा भार सामान्यतः बापाचा. आई पुरेसे कमावत असेल तर तो ऐपतीच्या प्रमाणात वाटून घेता येतो.

आम्ही कागद घेतला. मुलाचे जेवण व दूध २,८०० रुपये, शाळेचा वर्षाचा खर्च १४,४००, म्हणजे महिना १,२००, जाणे-येणे ६००, औषधे ४००, कपडे ४००, घरभाड्यातील वाटा ६००. एकूण ६,०००. बापाची प्राप्ती २४,०००, बाईंची शिवणकामाची ८,०००. प्रमाण तीनास एक. या प्रमाणाने बापाकडे ४,५०० व आईकडे १,५०० येतात. रात्री तापात उशाशी बसणे कोणत्याच रकान्यात मावले नाही. कोर्ट बापाच्या इतर जबाबदाऱ्याही पाहील, म्हणून आकडा थोडा हलेल. पण आता त्याला पाया आहे.

"अर्ज केव्हा केलात?" आम्ही विचारले. बाईंनी मान खाली घातली. लोक काय म्हणतील, या भीतीने तो केलाच नव्हता! त्याच निकालाप्रमाणे पोटगी अर्जाच्या तारखेपासून मिळते. लाजेपायी त्या मुलाची दोन वर्षे हिशेबाबाहेर राहिली. स्त्रियांस व मुलांस तालुका विधी सेवा समितीमार्फत वकील विनामूल्य मिळतो, हेही बाईंना ठाऊक नव्हते.

बापांनाही आमचे दोन शब्द. "मुलाला भेटू देत नाही, मग पैसे का द्यावे?" असे पुष्कळ जण म्हणतात. भेटीचा हक्क कोर्टाकडे अवश्य मागावा. परंतु त्या भांडणापायी मुलाचे दूध बंद करू नये. पतिपत्नी विभक्त झाली तरी मुलांच्या पोषणाची व शिक्षणाची तजवीज झालीच पाहिजे, असे ख्रिस्तसभेच्या धर्मसंहितेचे ११५४ वे कलमही सांगते.

बाई कागदाची घडी घालून पिशवीत ठेवून गेल्या. सोमवारी त्या तालुक्याच्या गावी गेल्याचे कळले. ज्या घरी असा कागद अद्याप मांडला गेला नसेल, तेथे तो आजच मांडावा.