पोळ्या संपल्या

मुलुंड पूर्वेला नव्याने राहायला आलेला माणूस पहिल्या आठवड्यात दोन गोष्टी विचारतो. पाणी किती वेळ येतं, आणि इथे खायला चांगलं कुठे मिळतं? पहिल्याचं उत्तर वॉचमन देतो. दुसऱ्यावर शेजारी जरा घुटमळतात आणि मग पश्चिमेचा पत्ता सांगतात. पुलावरून पलीकडे जा, पाच रस्त्याला सगळं आहे.

पलीकडे खरंच सगळं आहे. क्राउन अँड कार्टर या वास्तुरचनाकारांनी १९२२ साली स्टेशनपासून पाच रस्त्यापर्यंत मुलुंडची आखणी केली आणि त्या काटकोनी रस्त्यांवर दुकानं, मिठाया, फरसाण, रविवार सकाळचा फाफडा-जलेबी असं सगळं यथावकाश येऊन बसलं. पूर्वेला तसं झालं नाही. एका बाजूला रूळ, दुसऱ्या बाजूला पूर्व द्रुतगती मार्ग, त्यापलीकडे मिठागरं. या पट्ट्यातून कुणी कुठे ‘जात’ नाही. जो येतो तो घरीच येतो. आपण इथल्या ज्या शांततेचं कौतुक करतो तिचं कारण हे, आणि हॉटेलं कमी असण्याचंही हेच. हॉटेलला रस्त्यावरून जाणारं अनोळखी गिऱ्हाईक लागतं. नीलमनगरच्या गल्लीत संध्याकाळी चुकून आलेला माणूस म्हणजे फार तर कुरिअरवाला.

त्यामुळे शांत उपनगरात चांगली हॉटेलं नाहीत ही तक्रार मला पटत नाही. शांतता आणि हॉटेल एकाच गल्लीत मागायचं म्हणजे जरा जास्तच झालं. प्रश्न वेगळा विचारायला हवा. एवढी माणसं इथे राहतात, बऱ्याच घरांत दोघंही नोकरीला जातात, तर ती रात्री जेवतात काय?

उत्तर पाहायचं असेल तर मोबाइल खिशात ठेवावा आणि संध्याकाळी साडेसातनंतर स्टेशनच्या पूर्वेला उभं राहावं. गाडी लागते, जिना माणसं ओततो, आणि त्यातली बरीचशी रिक्षाच्या रांगेकडे न जाता एखाद्या दहा फुटी गाळ्यापाशी थांबतात. तिथे ना टेबल, ना खुर्ची. एक काउंटर, मागे मोठा तवा, दोघी लाटताहेत, एक भाजतेय. फळ्यावर खडूने आजच्या भाज्या. गिऱ्हाइकाचं वाक्य ठरलेलं: ‘सहा पोळ्या, एक मटकी, अर्धी आमटी.’ आठ-सव्वाआठपर्यंत हे चालतं आणि मग ‘पोळ्या संपल्या’ अशी पाटी लागते. उशिराच्या गाडीने येणाऱ्यांची तोंडं तेव्हा पाहण्यासारखी होतात.

पोळी-भाजी केंद्र हे या उपनगराचं मुख्य उपाहारगृह. कोणत्याही खाद्ययादीत ते पहिल्या दहात येत नाही, कारण तिथे बसता येत नाही आणि फोटो काढण्यासारखं काही नसतं. पण नव्या माणसाने पहिली ओळख इथे करून घ्यावी. ओळख म्हणजे नुसतं गोड बोलणं नव्हे. कोणत्या वारी काय असतं ते माहीत करून घ्यायचं. डाळिंब्यांची उसळ रोज नसते. वाल मोड आणून सोलायचे तर दोन दिवसांची तयारी लागते, म्हणून ती आठवड्यातून एकदाच, आणि सांगून ठेवलेल्यांनाच मिळते. अळूचं फतफतं पावसाळ्यात. भाकरी रोज, पण तांदळाची हवी असेल तर मासे खाण्याच्या वारी लवकर जावं. संकष्टीचे मोदक आदल्या दिवशी नोंदवायचे. गणेश चतुर्थीच्या मोदकांची वही कितीतरी आधी भरून बंद होते, तेव्हा चतुर्थीच्या सकाळी तिथे जाऊन हुज्जत घालू नये. पितृपक्षात खीर, वडे, आमसुलाची चटणी आणि चार भाज्यांसह अख्खं पान नोंदवता येतं. ज्या घरात स्वयंपाकघर जेमतेम चहापुरतं चालतं तिथेही पितर उपाशी जात नाहीत, ते या गाळ्यांमुळे.

एक गिऱ्हाईक तर रांगेत कधीच दिसत नाही. इमारतीत एकटे-दुकटे राहणारे आजी-आजोबा. मुलगा न्यू जर्सीत किंवा मेलबर्नला. पैसे तिकडून येतात, डबा इकडून जातो. कालचा डबा न उघडलेला परत आला तर डबा पोचवणारा पोरगा केंद्रात येऊन सांगतो, आणि केंद्रातल्या बाई फोन करतात. ही सेवा कोणत्याही दरपत्रकात लिहिलेली नसते.

तयार जेवणाच्या या सोयीला इतिहास आहे, आणि तो मुलुंडबाहेर सुरू होतो. १८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये, मुंबईत सुधार विश्वस्त मंडळ स्थापन झालं. मोकळ्या हवेत राहावं म्हणून त्याने दादर-माटुंग्याकडे रुंद रस्त्यांच्या वसाहती आखल्या. त्या काळचं शांत, निवासी उपनगर ते हेच. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, झाडं, बागा. आखणी करणाऱ्यांनी घरांचा विचार बारकाईने केला होता. पण दक्षिण भारतातून आलेले तरुण कारकून आणि टंकलेखक तिथे खोल्या घेऊन राहू लागले, बायको-मुलं गावी होती, आणि संध्याकाळी भात हवा होता. त्यातून मेस आणि बोर्डिंगं निघाली. मणीज लंच होम १९३७ चं. रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ चं. ते आजही माटुंगा स्टेशनबाहेर मंडईच्या इमारतीत पहिल्या मजल्यावर केळीच्या पानावर वाढतं. आज आपण तिथे रविवारी कौतुकाने रांग लावतो. तेव्हा ती चैन नव्हती, एकट्या माणसाच्या रोजच्या जेवणाची सोय होती.

गिरणगावात हीच सोय बायकांनी केली. खानावळवाल्या बाईच्या दहा बाय दहाच्या खोलीत पाळीपाळीने कामगार जेवत. किराणा उधारीवर यायचा, सावकाराचं व्याज चढायचं. या बायकांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं. जानेवारी १९८२ मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला आणि जेवणारेच पांगले. पण पद्धत टिकली: बाईचं कौशल्य, छोटी जागा, ओळखीचं गिऱ्हाईक, महिन्याचा हिशेब. उपनगरातलं पोळी-भाजी केंद्र त्याच पद्धतीने चालतं, फरक एवढाच की इथे जेवणारा ताटावर बसत नाही, पिशवी घेऊन येतो.

पोळ्या लाटणारी मात्र लांबून येते. कळवा, दिवा, बदलापूरकडून सकाळची गाडी पकडून. पैसे नगावर किंवा महिन्यावर. भट्टीशेजारी एप्रिल-मे महिन्यात उभं राहणं काय असतं ते काउंटरच्या अलीकडूनही कळतं. पोळी एक रुपयाने महागली की रांगेत कुजबुज सुरू होते. त्याच रांगेतला माणूस शनिवारी मॉलमध्ये अडीचशेची कॉफी निमूट पितो. हे मी कुत्सितपणे म्हणत नाही. (थोडं म्हणतो.)

खाण्याच्या बाकीच्या जागांचं थोडक्यात. स्टेशनजवळ एक तरी उडुपी असतंच आणि सकाळी सातला तिथली इडली चुकवू नये. दुपारी चारनंतर त्याच हॉटेलात पंजाबी, चायनीज आणि हल्ली मेक्सिकनही असतं, तिकडे दुर्लक्ष करावं. चौदा पानांचं मेन्यूकार्ड असलेल्या प्रत्येक ‘फॅमिली रेस्टॉरंट’ला हाच नियम: भटारखान्यातली माणसं ज्या मुलखातली, तेच मागवावं. नवघर आणि गव्हाणपाडा ही मूळची गावं. त्यांच्या आसपास माशांचं ताट देणाऱ्या छोट्या जागा आहेत. सोमवार, गुरुवार, शनिवारी तिथे निवांत जागा मिळते आणि श्रावणात रंगकाम निघतं. केळकर कॉलेजच्या बाजूला पोरांच्या खिशाला परवडणारं सगळं मिळतं, ते पोरांच्या पोटालाच झेपतं.

वडापावबद्दल मात्र थोडं थांबायला हवं. १९६६ च्या सुमारास दादर स्टेशनबाहेर अशोक वैद्य यांनी तो विकायला सुरुवात केली असं मानलं जातं, आणि स्टेशन हाच त्याचा जन्मदाखला आहे. घरी पोचायला अजून तासभर असताना हातात धरून खाण्याचा तो पदार्थ. एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर सप्टेंबर २०१७ मध्ये चेंगराचेंगरी झाली, त्यानंतर उच्च न्यायालयाने स्टेशनपासून १५० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई कायम ठेवली. माणसं गेली होती, वाट मोकळी हवीच. त्याविरुद्ध बोलण्यात अर्थ नाही. पण १५० मीटरनंतर वडापावची गाडी जाते ती आपल्या गल्लीच्या तोंडाशी, आणि तिथे आपण तक्रार करतो. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात सर्वेक्षण, नगर विक्रेता समिती, विक्री क्षेत्रं असं सगळं लिहिलेलं आहे. लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यावं असंही. क्षेत्रं ठरवायची वेळ आली की प्रत्येक निवासी रस्ता म्हणतो, आमच्याकडे नको. मग ती गाडी रात्री आठनंतर, दिवे लावून, एक डोळा रस्त्यावर ठेवून उभी राहते, आणि आपणच खाली उतरून दोन वडे घेतो.

स्वच्छतेची शंका रास्त आहे. परवान्याचा किंवा नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक भिंतीवर लावलेला असतो, तो पाहावा. तेल कोणत्या रंगाचं आहे ते पाहायला क्रमांकही लागत नाही.

पण नव्या-जुन्या सगळ्याच मुलुंडकरांना मला आज सांगायचंय ते चवीबद्दल नाही. पूर्वेला सध्या दर दुसऱ्या गल्लीत पुनर्विकासाचा पत्रा लागलेला आहे. चार मजली जुन्या इमारतींना तळमजल्याला रस्त्याकडे तोंड केलेले तीन-चार गाळे असत. एक वाणी, एक इस्त्रीवाला, एक पोळी-भाजी. नव्या मनोऱ्याला तळाशी पार्किंगचे मजले, त्याबाहेर कुंपणाची भिंत, भिंतीला एक फाटक आणि फाटकावर केबिन. रस्त्याकडे उघडणारं काहीच नाही. गाळा राहिलाच तर तो दर्शनी, उंच, काचेचा. त्याचं भाडं बँकेला परवडतं नाहीतर केकच्या साखळीला. मटकीची उसळ विकून ते निघत नाही. एक-दोन केंद्रं पत्रा लागल्यावर लांबच्या गल्लीत गेली, त्यांची संध्याकाळची रांग निम्म्यावर आली, कारण साडेसातला थकलेला माणूस घराच्या वाटेवरच थांबतो, वाट वाकडी करत नाही. मग तो घरी जाऊन ॲपवर मागवतो. जेवण कुठल्या तरी औद्योगिक गाळ्यातून येतं आणि सोसायटी ते आणणाऱ्या पोराला लिफ्टऐवजी जिना दाखवते.

विकासकाशी वाटाघाटी करताना सोसायट्या चटईक्षेत्र, कॉर्पस, भाडं, जिम, अगदी बागेतल्या बाकांच्या लाद्यांपर्यंत भांडतात. रस्त्याकडे तोंड असलेले दोन दहा फुटी गाळे, धुराडं थेट गच्चीपर्यंत नेलेलं, आणि भाड्याला ठरावीक मर्यादा, एवढं कुणी मागितल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. इमारत कागदावर असताना धुराडं बांधणं ही किरकोळ बाब आहे, नंतर ती अशक्य होते. सभेत कुणी तरी वासाचा मुद्दा काढेल. फोडणीचा वास येईल, हे खरंच आहे. सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते आठ. पुढच्या विशेष सर्वसाधारण सभेची विषयपत्रिका हातात पडली की ही मागणी ‘आयत्या वेळचे विषय’वर ढकलू नका. सभेच्या आधीच लेखी द्या, अनुमोदक म्हणून तळमजल्यावरच्या आजोबांची सही घ्या. त्यांचा डबा तिथूनच येतो.