दोन नद्यांमधला रस्ता

नाशिकहून त्र्यंबकला निघालं की सातपूरची वस्ती सरते आणि थोड्या वेळात डाव्या हाताला अंजनेरीचा कडा उभा ठाकतो. याच कड्यावर गिधाडं घरटी करतात. पुढे त्र्यंबकहून घोटीकडे वळलं, की भातखाचरं आणि ऊर्ध्व वैतरणेचा जलाशय. त्र्यंबकच्याच डोंगरांतून निघालेली गोदावरी बंगालच्या उपसागराला मिळते, वैतरणा अरबी समुद्राला. एवढं वैभव, पण हे सांगणारा साधा फलक वाटेत सहसा दिसत नाही. इतर देशांनी मात्र अशा रस्त्यांची दखल घेतली आहे. अमेरिकेने 1991 मध्ये देखण्या रस्त्यांना खास दर्जा देण्यासाठी कायदा केला. निसर्ग, इतिहास, संस्कृती, पुरातत्त्व यांसह 6 कसोट्या ठरवल्या. नॉर्वेने असे 18 मार्ग निवडले आणि तिथले थांबे, सज्जे वास्तुरचनाकारांकडून घडवून घेतले. महाराष्ट्रानेही असा दर्जा द्यावा आणि सुरुवात नाशिक-त्र्यंबक-घोटी या वाटेपासून करावी. सिंहस्थासाठी नाशिक-त्र्यंबक परिसरातल्या रस्त्यांची कामं निघतातच. त्याच आराखड्यात गाडी सुरक्षित उभी करता येईल असे चार थांबे, नदी-डोंगरांची माहिती देणारे मराठी फलक, जाहिरातींच्या होर्डिंगना बंदी आणि गावातल्या बचतगटांना नागलीची भाकरी विकायला हक्काची जागा, एवढं तरी बसवायलाच हवं.