परवान्याचे पान हलके असावे

करोनाच्या साथीत बंद पडलेली राज्यातील देवालये ७ ऑक्टोबर २०२१ रोजी, घटस्थापनेच्या मुहूर्तावर, पुन्हा उघडली तेव्हा कोल्हापूरच्या अंबाबाईप्रमाणेच वाडी रत्नागिरीच्या जोतिबाच्या दर्शनासाठीही ई-पासचा दंडक आला. आणि ज्यांच्या घराण्यात माघातल्या रविवारी पायी खेटे घालण्याची व चैत्र पौर्णिमेला सासनकाठीबरोबर ‘चांगभलं’च्या गजरात डोंगर चढण्याची वहिवाट पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे, त्या भाविकांना देवापुढे उभे राहण्याआधी मोबाईलच्या ब्राउझरमध्ये अर्ज भरून परवाना मिळवणे क्रमप्राप्त झाले. गर्दीच्या बंदोबस्तासाठी त्या वेळी काही तजवीज करणे भागच होते. माझे म्हणणे परवान्याविरुद्ध नसून, असा परवाना ज्या पानावर मिळावयाचा त्या पानाच्या घडणीविषयी आहे.

ब्राउझर एखादे पान मागवतो तेव्हा ते एकगठ्ठा येत नाही. मजकूर, चित्रे, अक्षरवळण आणि आज्ञावली यांची मागणी तो निरनिराळी नोंदवतो, आणि यात्रेच्या दिवशी डोंगरावरच्या त्याच मोजक्या टॉवरांवर असंख्य फोनांचा भार पडला की यातली प्रत्येक मागणी खोळंबते. मराठी मजकुराची हजार चिन्हे युनिकोडच्या रूढ पद्धतीत सुमारे ३ किलोबाइटांत मावतात. पानाच्या माथ्यावर शोभेसाठी लावलेले शिखराचे ३ मेगाबाइटांचे एकच छायाचित्र तसल्या हजार मजकुरांएवढी जागा अडवते. रेंजचा एकच दांडा दाखवणाऱ्या फोनवर अर्ज उघडत नाही, तो बहुधा अशा सजावटीपायी.

जानेवारी २००६ मध्ये जगभर खुल्या झालेल्या ऑपेरा मिनी या ब्राउझरने ही अडचण ओळखली होती. पान आधी कंपनीच्या सर्व्हरवर उतरवावयाचे, तेथे त्याचा संकोच करावयाचा आणि मग तो ऐवज बटणांच्या साध्या फोनकडे धाडावयाचा, अशी ती योजना. ज्या फोनांत देवनागरी अक्षरेच नव्हती, तेथे पत्त्याच्या चौकटीत ‘ऑपेरा:कॉन्फिग’ लिहून, उघडलेल्या यादीतला बिटमॅप फाँटचा पर्याय ‘येस’ करून जतन केला की रिकाम्या चौकोनांच्या जागी मराठी उमटे, कारण अक्षरे चित्ररूपाने येत. सारा व्यवहार मधल्या सर्व्हरवर उलगडला जात असल्याने गुप्ततेच्या दृष्टीने ती योजना सदोष होती, हे नमूद केले पाहिजे. तथापि दुबळ्या फोनच्या मालकालाही वाचावयाचे असते, हा तिच्या मुळाशी असलेला आदर मला आजही मोलाचा वाटतो.

त्या आदराचा मागमूस सार्वजनिक संस्थांच्या पानांवर क्वचितच आढळतो. उलट, ‘आमचे ॲप घ्या’ हा आग्रह वाढत चालला आहे. ॲपला फोनमध्ये जागा लागते, विशिष्ट प्रणाली लागते. २०१७ साली आलेल्या जिओफोनवर अँड्रॉइडची ॲपे चालत नसत, ब्राउझर मात्र होता. ज्या संस्थेच्या दारी सातारा-सांगलीपासून मराठवाडा-कर्नाटकापर्यंतची रयत येते, तिने ब्राउझरचा हा सर्वांना मोकळा असलेला मार्ग सोडून आडवाट धरावी, हे मला न्याय्य वाटत नाही.

पश्चिम महाराष्ट्र देवस्थान व्यवस्थापन समितीने व जिल्हा प्रशासनाने पुढे केव्हाही अशी व्यवस्था उभारली तर अर्ज मराठीत व चित्रांविना असावा, मध्येच रेंज गेल्यास भरलेला मजकूर पुसला जाऊ नये, फोन नसलेल्यांसाठी डोंगराच्या पायथ्याशी कागदी पासाची खिडकी असावी. आणि या पानाची परीक्षा कोल्हापुरातल्या कचेरीत न घेता, माघी खेट्याच्या एखाद्या रविवारी, ऐन गर्दीत, डोंगरावर जो सर्वांत जुना फोन सापडेल त्यावर घ्यावी.